अडीच महिन्यांच्या बाळाची सर्दी: घरी थांबायचं की डॉक्टरांकडे निघायचं?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचा आहे. "मुलगी अडीच महिन्यांची. तीन दिवसांपासून नाक वाहतंय, शिंका येतात, रात्री घशात घरघर ऐकू येते. अंगावर पिताना मध्येच तोंड सोडते आणि रडते. हात लावून पाहिलं तर ताप वाटत नाही. सासूबाई म्हणतात, थंडी पडली की लेकरांना होतंच, गुटी चालू ठेव. नवरा म्हणतो, लगेच दवाखान्यात नेऊ. नक्की कधी न्यायचं?"

ताई, तुमच्या मुलीला उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वय तीन महिन्यांच्या आत, सर्दीचा तिसरा दिवस आणि पिताना त्रास, एवढं मला पुरेसं आहे. पण सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं, हे तिच्या नाकावरून ठरत नाही. त्यासाठी चार गोष्टी कळायला हव्यात: तिचा श्वास मिनिटाला किती, आज रोजच्या मानानं दूध किती घेतलं, लघवी किती वेळा झाली आणि थर्मामीटर काय दाखवतो. या चारही गोष्टी तुम्ही घरात, पाच-दहा मिनिटांत पाहू शकता. कशा, ते सांगते.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं लहान मुलं तपासते. पावसाळ्यात आणि मग दिवाळीनंतर निफाडचा पारा खाली जायला लागला की ओपीडीत निम्मी बाळं सर्दीचीच असतात. त्यातल्या बहुतेकांना औषध लागत नाही. थोड्यांना मात्र लगेच ऑक्सिजन लागतो, आणि अनेकदा त्या थोड्यांचं नाक इतरांपेक्षा कमी वाहत असतं. आईबाबा नाकाकडे पाहत राहतात, कारण ते समोर दिसतं. शेंबूड पातळ होता तो घट्ट झाला, पांढरा होता तो पिवळा-हिरवा झाला, की घाबरतात. रंग बदलणं हा साध्या सर्दीचाच भाग आहे. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं आणि धावतही सुटायचं नसतं.

नाक चोंदलंय की छातीत काही आहे?

एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. नाक चोंदलं की तोंड उघडून श्वास घ्यायची युक्ती त्यांना चटकन जमत नाही. दूध ओढताना तोंड बंद, वरून नाकही बंद. मग दोन घोट घेऊन बाळ सोडतं, श्वास घेतं, चिडतं, पुन्हा धरतं. तुम्ही लिहिलंय ते बहुधा हेच असावं. तपासायचा सोपा मार्ग आहे. मेडिकलमधून सलाइनचे नाकाचे थेंब आणा. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब सोडा. थोडं थांबा, बाहेर आलेलं मऊ कापडानं टिपा, मग पाजा. आता ती नेहमीसारखी पोटभर प्याली, तर अडचण नाकातली होती. नाक मोकळं होऊनही दोन घोटांत दमत असेल, तर प्रश्न छातीचा असू शकतो, आणि मग सकाळची वाट पाहू नका.

थेंब घेताना बाटलीवरचं नाव वाचाच. त्यात फक्त सोडियम क्लोराइड असलं पाहिजे. तशाच दिसणाऱ्या, तशाच आकाराच्या बाटलीत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मिळतात. ते नाक झटकन उघडतात, पण इतक्या लहान बाळाला ते घातक ठरू शकतात. सुस्ती येते, श्वासावरही परिणाम होतो. "बाळाच्या नाकाचे थेंब द्या" एवढंच सांगून घरातल्या कुणाला पाठवलं, तर काय हातात येईल सांगता येत नाही. नाक ओढायचा रबरी फुगा असेल तर दिवसातून दोन-तीनदा, तेही पाजण्याआधी, पुरे. दर तासाला ओढत राहिलं की आतून सूज येते आणि नाक आणखी बंद होतं.

घरघर छातीतच आहे असंही प्रत्येक वेळी नसतं. नाकाचा आणि घशाचा आवाज छातीपर्यंत उतरतो, हात ठेवला तर तळव्याला कंपही जाणवतो, आणि आजी म्हणतात, "कफ भरलाय." थेंबांनंतर किंवा बाळाला उभं धरल्यावर आवाज कमी झाला, तर तो वरचाच. श्वास बाहेर सोडताना बारीक शिटीसारखा आवाज येत असेल किंवा आत घेताना घोगरा, ओढल्यासारखा आवाज येत असेल, तर ते वेगळं. ते डॉक्टरांनी त्याच दिवशी ऐकलं पाहिजे.

श्वास मोजणं

हे नीट वाचा, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त भरवशाचं वाटतं ते हेच.

बाळ शांत असताना मोजायचं. झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना किंवा पाजताना मोजलेला आकडा कामाचा नाही. उजेड चांगला हवा. दुपटं बाजूला करा, झबलं छातीपर्यंत वर सरकवा. नजर छातीवर नको, छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर ठेवा, कारण लहान बाळाचं पोटच श्वासाबरोबर वरखाली होतं. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिटाचं टायमर लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो: भराभर सात-आठ श्वास, मग थोडा विराम, मग पुन्हा. पाच-दहा सेकंदांचे असे विराम पहिल्या काही महिन्यांत सर्रास असतात. तोंडाचा रंग नीट असेल तर त्यांची भीती नाही.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर तो जलद. दोन महिने पूर्ण ते एक वर्ष या वयात हीच रेषा ५० वर येते. तुमच्या मुलीसाठी म्हणजे ५०. आकडा जास्त आला तर दहा मिनिटांनी, ती शांत असतानाच, पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही ५० किंवा वर आला तर कपडे घाला आणि निघा. ताप नसला तरी, हसत असली तरी. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली आहे आणि गावोगावच्या आशाताईंनाही बाळाचा श्वास असाच मोजायला शिकवतात. ज्या घरात हे शिकून घेतलं जातं, तिथून येणारा रात्रीचा फोन मला लगेच समजतो. "डॉक्टर, खूप सर्दी झालीय" यावरून मी काही ठरवू शकत नाही. "झोपेत दोनदा मोजला, ५८ आणि ६२" यावर मी एका वाक्यात सांगू शकते.

मोजता मोजता आणखी काही दिसतं का पाहा. श्वास आत घेताना शेवटच्या फासळीखाली खड्डा पडतोय का? पोट वर येताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते गंभीर. आपल्याकडे "पोट उडतंय" म्हणतात ते बहुतेक हेच. नाकपुड्या फुलतायत का, प्रत्येक श्वासाबरोबर डोकं किंचित हलतंय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतोय का? यातलं काहीही दिसलं तर आकडा ४५ आला म्हणून घरी बसू नका. शंका असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, कपडे वर करून आणि पूर्ण उजेडात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ कधी कधी बरं दिसायला लागतं, तेव्हा तो व्हिडिओ कामी येतो.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहेत. ते मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेले असतात. बाळाच्या बोटाला किंवा अंगठ्याला ते नीट बसत नाही आणि आकडा चुकतो, दोन्ही बाजूंनी. ९८ दाखवलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ८२ दाखवलं म्हणून हातपाय गाळू नका. पोट पाहा, श्वास मोजा.

दूध आणि लघवी

अंगावर पिणारं बाळ किती मिली प्यालं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ते लागतही नाही. रोज ती किती वेळा पिते आणि किती वेळ धरून ठेवते हे तुम्हाला पाठ असतं. थोडं कमी पिणं, पण जास्त वेळा मागणं, हे सर्दीत चालतं. उलट तसंच पाजा, थोडं थोडं, दीड-दोन तासांनी. रोजच्या निम्म्याहून कमी होत असेल, सलग दोन-तीन पाजण्या चुकल्या असतील किंवा तोंडात धरून ओढतच नसेल, तर दाखवायचं, लगेच. लघवीचं तसंच. आठ तास कापड किंवा डायपर कोरडा राहिला, तर तिच्या पोटात पुरेसं जात नाहीये. डायपरवाल्यांनी डायपर हातात धरून जड झालाय का ते पाहावं, कारण आतली जेल पाणी शोषून घेते आणि वरून कोरडं लागतं.

इथं मला दिंडोरी भागातून आलेलं दीड महिन्याचं एक बाळ आठवतं. आईबाबा सांगत होते की सर्दी किरकोळच आहे, काल रडत होता, आज तर शांत झोपतोय. सोबतची आजी मात्र काही केल्या ऐकत नव्हती. तिचं एकच म्हणणं: "सकाळपासून त्यानं दुधासाठी आवाज दिला नाही. मीच उठवते, तरी तो ओढत नाही." झबलं वर केलं तर श्वास सत्तरच्या पुढे, आणि तळपाय थंडगार. बाळाला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, काही दिवसांनी ते बरं होऊन घरी गेलं. शांत झोप आणि सुस्ती यातला फरक त्या आजीनं ओळखला. भुकेच्या वेळी स्वतः न उठणारं, उठवलं तरी डोळे न उघडणारं, हातपाय सैल सोडलेलं बाळ झोपलेलं नसतं, आजारी असतं.

ताप: या वयात नियम वेगळा

मोठ्या मुलाला १०१ ताप आला तर मी दिवसभर वाट पाहायला सांगते. तीन महिन्यांच्या आत असं नाही. थर्मामीटरनं १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा जास्त दाखवलं, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सर्दी असली तरीही. इतक्या लहान वयात रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग सुरुवातीला नुसता तापच दाखवतो, आणि तो सर्दीचाच ताप आहे की दुसरा, हे घरी ओळखता येत नाही. कधी कधी मलाही नुसतं पाहून येत नाही, तपासण्या कराव्या लागतात.

"हात लावून ताप वाटत नाही" एवढं मला पुरत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी करा, टोक काखेच्या खोल भागात ठेवा, हात अंगाशी धरून बीप होईपर्यंत थांबा. नाशिकच्या थंडीत बाळाला स्वेटर, टोपडं, दोन दुपटी आणि वर ब्लँकेट असं गुंडाळलेलं असतं. तसं असताना पारा ९९-१०० च्या आसपास दिसला, तर दोन थर काढा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. उतरला तर कपड्यांचा होता. साडेनव्व्याण्णवच्या वरच राहिला तर डॉक्टरांना फोन करा. पहिलाच आकडा १०० पॉइंट ४ किंवा वर असेल, तर थर काढून वाट बघायची नाही, निघायचं. उलट बाजूही लक्षात ठेवा: लहान बाळात गंभीर संसर्गामुळे अंग थंडही पडतं. ९७ पॉइंट ७ च्या खाली असेल तर आईनं छातीशी, कातडीला कातडी लावून घ्यावं. तरी वर येत नसेल, किंवा पारा ९६ च्या खाली असेल, तर तापाइतक्याच घाईनं निघायचं.

आणि पॅरासिटामॉल देऊन "उतरतोय का बघू" असं या वयात करू नका. ताप लपतो, मूळ कारण तसंच राहतं. शिवाय थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. थोरल्या भावंडाच्या सिरपचं माप डोक्यात ठेवून थेंब दिले, तर डोस चौपट होतो.

तिसरा ते पाचवा दिवस

लहान बाळांत सर्दीचा विषाणू कधी कधी खाली उतरून छातीतल्या बारीक श्वासनलिकांना सूज आणतो. याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. बहुतेकदा आरएसव्ही नावाचा विषाणू त्याच्या मागे असतो. मोठ्यांना तो साधी सर्दी देतो, म्हणून घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही की आणला कुणी. याची चाल ठरलेली असते: पहिले दोन दिवस साधी सर्दी, मग खोकला, मग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त, नंतर हळूहळू उतार. तुमची मुलगी नेमकी तिसऱ्या दिवशी आहे, म्हणून मी "उद्या दाखवा" म्हणाले.

यातून आणखी एक निघतं. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून "छाती स्वच्छ आहे" सांगितलं, तर ते त्या दिवसापुरतं खरं असतं. चौथ्या दिवशी श्वास वाढला तर "परवाच दाखवलंय, पुन्हा कशाला" असं म्हणू नका. पुन्हा या. दुसऱ्यांदा आलेल्या आईवर कुणी डॉक्टर रागावत असेल तर ते चूक आहे. इतक्या लहान बाळासाठी पुन्हा येणं हेच शहाणपणाचं.

काही बाळांसाठी मी आणखी लवकर बोलावते: पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्माचं वजन कमी असलेली, हृदयाला छिद्र किंवा फुप्फुसाचा आजार असलेली, एक महिन्याच्या आतली. यांना सर्दी झाली की पहिल्याच दिवशी दाखवा. घरात कुणाला दोन-दोन आठवडे उबळ येणारा खोकला असेल तर तेही सांगा. डांग्या खोकला लहान बाळात अनेकदा "हूप" असा आवाज करत नाही. कधी नुसता श्वास थांबतो.

श्वास वीस सेकंद थांबला, किंवा थोडाच थांबला पण बाळ निळं, पांढरं किंवा लुळं पडलं, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, १०८ लावा. निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर पाहायचा. थंडीत बाळाचे हातपाय जरा निळसर दिसतात, त्याला तेवढं महत्त्व नाही.

घरातले उपाय

सासूबाईंशी भांडू नका. बाळाला ऊब द्या, गर्दीत नेऊ नका, आईचं दूध बंद करू नका, हे त्या सांगतात ते सगळं बरोबर आहे. गुटी मात्र थांबवा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि सर्दीत तर सहाणेवर उगाळलेलं काही घशात अडकायला नकोच. मधाचं चाटण वर्षाच्या आत अजिबात नको. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मालिशवाल्या बाई नाकात तेल किंवा दुधाची धार सोडतात, तेही बंद. ते तेल फुप्फुसात उतरलं तर तिथं बसून राहतं.

कापूर मला सर्वांत जास्त धास्तीचा वाटतो. झबल्याला बांधलेली कापराची पुरचुंडी, छातीला चोळलेलं कापूर-तेल, बामची डबी. कापूर अंगात गेला तर लहान बाळाला झटके येऊ शकतात. दोन वर्षांच्या आत बाम कुठेही लावू नका, तळपायांनाही. ओवा-शेपांची धुरी, खोलीतली कोळशाची शेगडी, अगरबत्ती, डासांची कॉइल: धूर कोणताही असो, सुजलेल्या श्वासनलिकांना तो आणखी सुजवतो. दारं-खिडक्या लावून पेटवलेल्या शेगडीचा विषारी वायू वासावरून कळतसुद्धा नाही. नाशिकला रात्री पारा आठ-नऊवर जातो तेव्हा ऊब हवीच, पण ती आईच्या कुशीची आणि कपड्यांच्या थरांची. मोठ्या माणसाला जेवढे थर लागतात त्याहून एक जास्त, एवढं पुरे. थंडीनं सर्दी "लागते" असं नाही, ती माणसांकडून येते. थंडीत आपण सगळे एकाच बंद खोलीत असतो म्हणून पसरते. बारशाला आणि लग्नाला आलेले पाहुणे मुके घेतात, तिथं स्पष्ट नाही म्हणायला हवं.

खोकल्याचं सिरप या वयात कुठलंच नको. सर्दीच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत. भेसळ नसली तरीही ही औषधं बाळाचा खोकला कमी करत नाहीत, फक्त गुंगी आणतात. आणि गुंगीत असलेल्या बाळाचं पिणं कमी झालंय ते आजारानं की औषधानं, हे मला ओळखता येत नाही.

निघायचं ठरलं तर

बाळाला दुचाकीवर नेऊ नका. रात्री त्र्यंबक रोडनं शालीत तोंडासकट गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेऊन आलेली जोडपी मी पाहते. आधीच धाप लागलेल्या बाळाचं तोंड झाकलं जातं आणि वाटेत त्याचा रंग बदलला तरी कुणाला दिसत नाही. रिक्षा करा, शेजाऱ्यांची गाडी मागा. टोपडं घाला, अंग गुंडाळा, पण नाक-तोंड उघडं आणि तुमच्या नजरेसमोर ठेवा. उभं, छातीशी धरा. श्वास खूप जलद असेल तर वाटेत पाजू नका, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कुठे जायचं हे आजच, घाई नसताना ठरवून ठेवा: जवळच्या कुठल्या रुग्णालयात रात्री बालरोगतज्ज्ञ येतात आणि लहान बाळासाठी ऑक्सिजनची सोय आहे. खर्चाचा विचार करून थांबू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि तिथं नेण्या-आणण्याची सोय सरकारी रुग्णालयांत मोफत आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे असाल तर अंधार पडेपर्यंत वाट बघू नका. अंतर लक्षात घेऊन संध्याकाळचा निर्णय दुपारीच घ्या.

डॉक्टरांना सांगायला हे हाताशी ठेवा: सर्दीचा कितवा दिवस, मोजलेला श्वास आणि वेळ, शेवटची लघवी केव्हा, ताप किती, काय काय दिलंय. गुटी, तेल, उरलेलं अँटिबायोटिक, जे दिलं असेल ते सांगा. कुणी रागावेल म्हणून लपवू नका.

तर ताई, आता तिच्या झोपेत झबलं वर करून एक मिनिट मोजा. ५० च्या आत, खड्डा नाही, थेंबांनंतर नीट प्याली, लघवी होतेय आणि थर्मामीटर साडेनव्व्याण्णवच्या खाली असेल, तर रात्र घरी काढा, मधून एक-दोनदा पुन्हा बघा, सकाळी दाखवा. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर आत्ताच निघा. सगळं ठीक निघालं तरी नाक दहा-बारा दिवस वाहू शकतं आणि खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्यावरून पुन्हा धावायला नको. बरी होत आली आणि मग नव्यानं ताप किंवा धाप आली, तर मात्र परत या.

आणि दहा आठवड्यांची लस द्यायची राहिली असेल, तर सकाळी लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. साधी सर्दी आहे म्हणून ती पुढे ढकलायची नसते. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तर देऊन टाका. त्याच लसीत डांग्या खोकल्यापासून आणि एका प्रकारच्या न्यूमोनियापासून संरक्षण आहे.